सर्व्हर मधूनच अडकतो तेव्हा: व्हर्च्युअल मशीनमधला उशीर कसा पकडायचा

ऑफिसातला जुना सर्व्हर काढून टॅली किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर 'क्लाउडवर' नेलेली कितीतरी ऑफिसं आज महाराष्ट्रात आहेत. सीएचं ऑफिस असेल, पतसंस्था असेल, औषधांचा घाऊक व्यापारी असेल. दिवसभर काम सुरळीत चालतं आणि मग एकाएकी स्क्रीन गोठते. दोन सेकंद, कधी पाच. एंटर मारला तरी काही हलत नाही, आणि मग मारलेली सगळी बटणं एकदम उमटतात. लगेच फोनाफोनी सुरू होते. इंटरनेटवाला म्हणतो, लाइन ठीक आहे, १०० एमबीपीएस पूर्ण मिळतायत. सर्व्हर भाड्याने देणारा म्हणतो, सर्व्हर चालू आहे, सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) २० टक्केच वापरात आहे. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, दुसऱ्या कुणाची तक्रार नाही. शेवटी वैतागून ऑफिस इंटरनेटचा मोठा प्लॅन घेतं, आणि अडकणं होतं तसंच राहतं.

छोट्या ऑफिसांचा हा खर्च बहुतेक वेळा वाया जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपापल्या आलेखापुरते तिघंही खरंच बोलत असतात. पण उशीर नेमका किती झाला, कोणत्या आकाराचा होता आणि किती वाजता झाला, हे कुणी विचारत नाही. दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा या तीन प्रश्नांच्या उत्तरांत सापडतं.

## वेग वेगळा, उशीर वेगळा

एका सेकंदात किती माहिती जाऊ शकते, ते एमबीपीएसचा आकडा सांगतो. एक छोटा संदेश जाऊन त्याचं उत्तर परत यायला किती वेळ लागला, ही वेगळी गोष्ट. तिला लेटन्सी म्हणतात आणि ती मिलिसेकंदात मोजतात. १००० मिलिसेकंद म्हणजे एक सेकंद. रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे दूरचा सर्व्हर आपल्या स्क्रीनवर उघडून काम करताना, एक अक्षर टाइप केलं की जेमतेम चिमूटभर माहिती जाते-येते. तिथे लाइन १०० एमबीपीएसची आहे की ५०० ची, याने काडीचाही फरक पडत नाही.

लेटन्सी एका मर्यादेखाली जाऊच शकत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पुणे-मुंबई अंतर १५० किलोमीटर धरलं, तर जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद लागणारच. तार सरळ रेषेत नसते, मध्ये राउटर असतात, म्हणून प्रत्यक्षात चार-पाच मिलिसेकंद दिसले तर ते उत्तम समजावं. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रं सुरू केली. त्यामुळे आपल्याकडच्या ऑफिसांना एवढा कमी आकडा शक्य झाला. तोच सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर अंतर साधारण १३ हजार किलोमीटर, म्हणजे किमान १३० मिलिसेकंद. कोणताही प्लॅन घेतला तरी ते त्याखाली येणार नाहीत.

पण अंतरामुळे होणारा उशीर कायम तेवढाच राहतो. आपली तक्रार वेगळी आहे: ४ मिलिसेकंदांचे अचानक १००० होतात आणि पुन्हा ४. अंतर तर बदललेलं नसतं. म्हणजे वाटेत कुठेतरी संदेश थांबून राहिलेला असतो.

## भाड्याचा सर्व्हर म्हणजे नेमकं काय

तुम्ही भाड्याने घेतलेला 'सर्व्हर' हा बहुतेक वेळा आख्खा यंत्रसंच नसतो. डेटा सेंटरमधल्या एका दांडग्या कॉम्प्युटरवर एका सॉफ्टवेअरच्या मदतीने अनेक स्वतंत्र कॉम्प्युटर उभे केलेले असतात. त्यातला प्रत्येक म्हणजे व्हर्च्युअल मशीन, म्हणजेच व्हीएम. खालच्या खऱ्या यंत्राला होस्ट म्हणतात, आणि वाटणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायजर. व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय, मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही आणि २००७ पासून लिनक्समध्येच असलेलं केव्हीएम ही त्यातली ठळक नावं.

गावातली पिठाची गिरणी आठवा. तुमच्या डब्यातलं धान्य दळायला दोनच मिनिटं लागतात, पण आधी सात डबे असले तर पीठ हातात यायला सोळा मिनिटं जातात. गिरणीचा वेग कमी झालेला नाही आणि तुमचं धान्यही वाढलेलं नाही, जास्तीचा वेळ गेला तो रांगेत. होस्टचा प्रोसेसर ही गिरणी आहे आणि तुमची व्हीएम हा त्यातला एक डबा. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एक भाग. ३२ कोअरच्या होस्टवर सगळ्या व्हीएमना मिळून १०० कोअर वाटलेले असणं, विशेषतः स्वस्त प्लॅनमध्ये, काही नवल नाही. सगळे एकाच वेळी दळायला येत नाहीत, या हिशेबावर ते चालतं. ज्या दिवशी येतात, त्या दिवशी रांग लागते.

आता याचा नेटवर्कशी संबंध काय? पुण्याहून निघालेला संदेश दोन मिलिसेकंदांत होस्टच्या दारात पोचतो. पण त्या क्षणी तुमच्या व्हीएमची पाळी आलेली नसेल, तर संदेश होस्टच्या मेमरीत पडून राहतो. पाळी आली की व्हीएम तो उचलते आणि उत्तर देते. पुण्यात बसलेल्याला वाटतं नेट स्लो आहे, तारेत मात्र काहीच अडलेलं नसतं.

## "पण आमचा सीपीयू तर २० टक्केच दिसतो"

ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी हरकत, आणि सगळ्यात जास्त फसवणारी. व्हीएमच्या आत दिसणारा २० टक्के हा आकडा मिळालेल्या वेळेतला वापर सांगतो. न मिळालेल्या वेळेचा हिशेब वेगळा ठेवलेला असतो.

लिनक्सच्या व्हीएममध्ये 'टॉप' हा आदेश दिला की सीपीयूच्या ओळीत अगदी शेवटी 'एसटी' अशी दोन अक्षरं दिसतात. तो स्टील टाइम. व्हीएमला काम होतं, ती तयार होती, पण होस्टने तो वेळ दुसऱ्याला दिला, असा त्याचा अर्थ. तो शून्याच्या आसपास हवा. अडकण्याच्या वेळी तो ५-१० वर उडी मारत असेल, तर शोध तिथेच थांबवायला हरकत नाही. हा आकडा केव्हीएम आणि झेन या आणखी एका हायपरव्हायजरवर मिळतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये तो दिसत नाही. व्हीएमवेअरवर याच गोष्टीला रेडी टाइम म्हणतात आणि तो होस्टच्या बाजूला दिसतो, म्हणून तो सर्व्हरवाल्याकडूनच मागावा लागतो. व्हीएमवेअरच्या चालू घडीच्या आलेखात २० सेकंदांच्या तुकड्यातले मिलिसेकंद लिहिलेले असतात. एका कोअरमागे १००० दिसले तर ते ५ टक्के. तिथून पुढे काळजीचं कारण सुरू होतं.

कमी किमतीच्या काही व्हीएममध्ये सीपीयूचे 'क्रेडिट' असतात. ॲमेझॉनची टी मालिका त्यातलीच. व्हीएम शांत असताना क्रेडिट साठतात आणि जोरात चालली की खर्च होतात. ते संपले आणि जादा पैसे मोजून पुढे चालवण्याची सोय चालू नसली, की वेग ठरलेल्या पातळीवर आणून ठेवला जातो. सकाळी झकास चालणारा सर्व्हर महिनाअखेरीच्या दुपारी रडत असेल, तर आधी हे क्रेडिट तपासा.

## सरासरी आलेखात हे दिसत का नाही

हजार संदेशांपैकी ९९९ ना प्रत्येकी २ मिलिसेकंद लागले आणि एकाला १०००. सरासरी काढा: ३ मिलिसेकंदही भरत नाहीत. पाच-पाच मिनिटांची सरासरी दाखवणाऱ्या आलेखावर ही रेषा सपाट दिसते, आणि समोरचा माणूस प्रामाणिकपणे सांगतो की प्रॉब्लेम नाही.

पण एक स्क्रीन उघडायला सॉफ्टवेअर डेटाबेसला शंभर वेळा विचारत असेल, आणि दर शंभरातली एक फेरी अडकत असेल, तर किमान एका फेरीत अडकण्याची शक्यता ६३ टक्के येते. 'फक्त एक टक्का' उशीर वापरणाऱ्याच्या वाट्याला असा येतो. म्हणून सरासरी मागू नका. शंभरातल्या सगळ्यात हळू फेरीला किती वेळ लागला ते विचारा. मॉनिटरिंगच्या पडद्यावर ते पी-९९ नावाने असतं.

## पिंगचे आकडे वाचायला शिका

इथे थोडं थांबून बघू, कारण हे घरबसल्या कुणालाही करता येतं. पिंग म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारून 'आहे' हे उत्तर यायला लागलेला वेळ मोजणं. लिनक्सवरून किंवा मॅकवरून सेकंदाला पाच, म्हणजे ०.२ सेकंदांच्या अंतराने पिंग लावून ठेवा. विंडोजचं स्वतःचं पिंग पहिल्या हाकेचं उत्तर येईपर्यंत दुसरी हाक मारत नाही, त्यामुळे खालची खूण त्यात उमटत नाही.

समजा आकडे असे आले: ४, ४, ४, १००४, ८०४, ६०४, ४०४, २०४, ४, ४. नीट बघा. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा बरोबर २०० ने कमी आहे, आणि आपण हाका २०० मिलिसेकंदांच्या अंतरानेच मारतोय. म्हणजे सगळी उत्तरं एकाच क्षणी आली. पहिल्या हाकेने एक सेकंद वाट पाहिली, पुढचीने ०.८ आणि त्यापुढच्या प्रत्येकीने आणखी ०.२ कमी. कुणीतरी एक सेकंद पूर्ण गोठलं होतं आणि जागं होताच सगळी उत्तरं एकदम दिली. एकही हाक हरवली नाही. अशा उतरत्या पायऱ्या दिसल्या, तर संशय थांबलेल्या व्हीएमवर घ्यायचा.

आकडे ४, २०, ७०, १६०, ३१०, २९०, १४०, ३० असे हळूहळू चढून उतरले, तर ती वाटेत साठत गेलेली रांग असते. बहुतेक वेळा ती तुमच्याच ऑफिसच्या राउटरमध्ये असते. कुणीतरी मोठी फाइल अपलोड करतंय किंवा सीसीटीव्हीचं चित्रण वर जातंय. अपलोड १० एमबीपीएस आणि राउटरमध्ये १ एमबीचा साठा भरलेला, म्हणजे ८ मेगाबिट. तुमच्या छोट्या संदेशाला ०.८ सेकंद मागे उभं राहावं लागणार. या दुखण्याला अभियंते जिम गेटीस यांनी बफरब्लोट हे नाव दिलं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर कोडेल नावाचा तोडगा मांडला. चांगल्या राउटरमध्ये तो 'एसक्यूएम' या नावाने चालू करता येतो. इथे सर्व्हर बदलून उपयोग नाही.

तिसरी शक्यता म्हणजे आकडे ४ चेच राहतात, पण मधली काही उत्तरं येतच नाहीत. संदेश वाटेत टाकले जात आहेत.

पायऱ्या दिसल्या तरी व्हीएमवर लगेच आरोप करू नका. तुमचा लॅपटॉप किंवा वायफायही एखादा सेकंद गोठू शकतं. म्हणून एकाच वेळी दोन पिंग लावायचे: एक व्हीएमला, दुसरा त्याच डेटा सेंटरमधल्या दुसऱ्या एखाद्या पत्त्याला. दोन्हींत एकदम पायऱ्या आल्या तर दोष तुमच्याकडचा किंवा वाटेतला. फक्त व्हीएमच्या पिंगमध्ये आल्या तर दोष त्या व्हीएमचा किंवा तिच्या होस्टचा. जोडीला व्हीएमच्या आत दर ०.१ सेकंदाने वेळ लिहून ठेवणारी दोन ओळींची स्क्रिप्ट चालू ठेवा. ११:०२:१४.३ नंतर थेट ११:०२:१५.३ लिहिलेलं सापडलं आणि बाहेरच्या पायऱ्याही त्याच सेकंदाच्या असल्या, तर पुरावा पक्का झाला.

## ठरावीक आकडे नाव सांगतात

सॉफ्टवेअरच्या नोंदींमध्ये उशीर पुन्हा पुन्हा एकाच आकड्याचा दिसत असेल, तर तो योगायोग मानू नका. बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात, आणि लिनक्समधल्या काही मुदती ठरलेल्या आहेत.

४० मिलिसेकंद: संदेश मिळाल्याची पोच द्यायला मुद्दाम केलेली थोडी टाळाटाळ. एक बाजू छोटे तुकडे साठवून पाठवते, दुसरी पोच साठवून ठेवते, आणि दोघी एकमेकींची वाट बघतात. सॉफ्टवेअरमध्ये 'नो डिले' ही सोय चालू केली की हे जातं.

२०० च्या किंचित वर, म्हणजे आपल्या ४ मिलिसेकंदांच्या वाटेवर २०४ च्या आसपास: संदेश हरवला आणि पुन्हा पाठवावा लागला. पुन्हा पाठवण्याआधी लिनक्स किमान २०० मिलिसेकंद थांबतो. इथे शोधायचं ते संदेश कुठे टाकला गेला हे.

१ सेकंद, ३ सेकंद, ७ सेकंद: जोडणीची पहिलीच हाक हरवली. पुढचा प्रयत्न एका सेकंदाने, त्यानंतरचा आणखी दोन सेकंदांनी, मग चार सेकंदांनी. सर्व्हरच्या दाराशी नव्या जोडण्यांची गर्दी झाली असेल किंवा फायरवॉलची नोंदवही भरली असेल. लिनक्सच्या नोंदींत 'कॉनट्रॅक टेबल फुल' असं स्पष्ट लिहिलेलं सापडतं.

५ सेकंद: यात जवळपास नेहमी डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी सेवा, सापडते. उत्तर आलं नाही तर लिनक्स ५ सेकंद वाट बघून पुन्हा विचारतो. ॲमेझॉनवर एका नेटवर्क जोडणीला डीएनएससाठी सेकंदाला १०२४ संदेशांची मर्यादा आहे. ती ओलांडली की असे पाच-पाच सेकंद पडू लागतात.

## घड्याळाकडे बघा

रोज रात्री किंवा भर दुपारी ठरावीक वेळेला अडकत असेल, तर बॅकअपचं वेळापत्रक मागवा. बॅकअप घेताना व्हीएमचा स्नॅपशॉट घेतला जातो, म्हणजे त्या क्षणीची स्थिती गोठवली जाते, आणि बॅकअप झाला की तो काढून मधले बदल पुन्हा मूळ डिस्कमध्ये मिसळले जातात. या मिसळण्याच्या शेवटी व्हीएम थोडा वेळ थांबवावी लागते. त्यामुळे झटका अनेकदा बॅकअप संपताना बसतो. दोनला सुरू झालेल्या बॅकअपचा त्रास पावणेतीनला होतो, आणि मग दोघांचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. डिस्क जितकी हळू आणि बदल जितके जास्त, तितकं थांबणं लांबतं.

अवेळी, महिन्यातून एखाद्याच वेळी एक झटका येत असेल, तर चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवली गेली असेल. होस्टची दुरुस्ती करायची असली की गूगलसह अनेक जण असं करतात. त्याची काळजी नको.

## "मग मोठी व्हीएम घेतली तर?"

कधी उपयोग होतो, कधी उलटं होतं. गर्दीच्या होस्टवर ४ ऐवजी १६ कोअरची व्हीएम घेतली, तर तिला एकाच वेळी इतके कोअर मोकळे मिळणं आणखी अवघड होतं. व्हीएमवेअरमध्ये यासाठी को-स्टॉप नावाचा वेगळा आकडाच आहे. तो वाढलेला असेल तर कोअर कमी केल्यावर व्हीएम सुधारते.

क्लाउडच्या व्हीएमना नेटवर्कच्याही मर्यादा असतात: सेकंदाला किती माहिती आणि किती संदेश. '१० गिगाबिटपर्यंत' असं लिहिलेल्या व्हीएममध्ये तो '-पर्यंत' महत्त्वाचा, कारण तेवढा वेग थोडा वेळच टिकतो. ॲमेझॉनच्या नव्या व्हीएममध्ये 'इथटूल' या आदेशाने 'अलाउन्स एक्सीडेड' नावाचे आकडे बघता येतात. ते वाढत असतील तर तुमचे संदेश मर्यादेवर अडवले किंवा टाकले जात आहेत. इथे मोठी व्हीएम घेणं योग्य आहे, कारण आता कारण माहीत आहे.

काही वेळा दोष नेटवर्क कार्डाच्या प्रकारात असतो. व्हीएमवेअरमध्ये ई-१००० हे कार्ड एका जुन्या इंटेल कार्डाची हुबेहूब नक्कल करतं, आणि त्या नकलेत होस्टची मेहनत वाया जाते. त्याऐवजी व्हीएमएक्सनेट-३ हे कार्ड निवडावं, आणि केव्हीएमवर व्हर्टआयओ. ही कार्डं मुळात व्हीएमसाठीच बनवलेली आहेत. ड्रायव्हरही तपासावेत. विंडोज सर्व्हर २०१२ च्या काळात हायपर-व्ही होस्टवर ब्रॉडकॉमच्या काही १ गिगाबिट कार्डांत व्हीएमक्यू ही सोय चालू असली की व्हीएमचं नेटवर्क रखडायचं. नवा ड्रायव्हर टाका किंवा ती सोय बंद करा, हाच त्यावरचा उपाय होता.

## "ट्रेसराउटमध्ये मधेच ६० टक्के लॉस दिसतो, त्याचं काय?"

ट्रेसराउट किंवा एमटीआरसारखं साधन वाटेतल्या प्रत्येक राउटरचे आकडे दाखवतं. मधल्या एखाद्यापुढे ६० टक्के लॉस, म्हणजे उत्तर न आलेल्या हाका, दिसला की लोक त्याचाच स्क्रीनशॉट पाठवतात. पण राउटरचं मुख्य काम संदेश पुढे ढकलणं. स्वतःला आलेल्या हाकांना उत्तर देणं त्याच्या लेखी दुय्यम असतं, आणि तो अशी उत्तरं मुद्दाम मोजकीच देतो. शेवटच्या ओळीत, म्हणजे तुमच्या व्हीएमपुढे, लॉस शून्य असेल तर मधले ६० टक्के सोडून द्या. मधल्या एका ठिकाणापासून शेवटपर्यंत सगळ्या ओळींत लॉस दिसला, तरच ती तक्रार इंटरनेटवाल्याची.

## सर्व्हरवाल्याला काय लिहायचं

'सर्व्हर स्लो आहे' एवढंच लिहिलं तर 'रीबूट करून बघा' एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ, दोन्ही पिंगचे शेजारी-शेजारी ठेवलेले आकडे, आतल्या स्क्रिप्टमधली सुटलेली वेळ, आणि थेट प्रश्न: या मिनिटाला आमच्या व्हीएमचा रेडी टाइम किंवा स्टील टाइम किती होता? त्या वेळी स्नॅपशॉट, बॅकअप किंवा स्थलांतर चालू होतं का? होस्टच्या नेटवर्क कार्डावर संदेश टाकले गेल्याची नोंद आहे का? अशी तक्रार, ती पहिल्यांदा हाताळणारा माणूस परस्पर बंद करू शकत नाही, ती पुढे जाणकाराकडे जाते.

होस्टवरच गर्दी असल्याचं निघालं, तर दुसऱ्या होस्टवर हलवून मागा. मोठ्या क्लाउडवर हे बहुतेक वेळा स्वतःलाही करता येतं, फक्त त्यासाठी रीबूट पुरत नाही. ॲमेझॉनवर रीबूट केलेली व्हीएम त्याच होस्टवर उठते. स्टॉप करून पुन्हा स्टार्ट केली तर सहसा दुसऱ्या होस्टवर. स्टॉप करण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. कायमचा आयपी पत्ता घेतलेला नसेल तर पत्ता बदलेल, आणि होस्टच्याच तात्पुरत्या डिस्कवर काही ठेवलेलं असेल तर ते पुसलं जाईल.